पेजेची वाटी

जहाज मुंबईच्या धक्क्यावरून सुटलं तेव्हा मला देवाची आठवण झाली नाही, हे आधीच कबूल करते. बेंगळुरात चिक्कपेटेतल्या वडिलांच्या कापडदुकानात त्या जहाजाचं रंगीत चित्र लावलेलं होतं, पांढरंशुभ्र, पिवळ्या धुरांड्याचं. ते बघत मी लहानाची मोठी झाले. एकोणीसशे साठ साल उलटल्यावर यजमानांनी इंग्लंडला बोलावून घेतलं आणि नेमकी त्याच जहाजाची तिकिटं आली, तेव्हा वाटलं, आता मागण्यासारखं काही उरलंच नाही. पोचवायला आलेला धाकटा भाऊ म्हणाला, "अक्का, दत्ताची तसबीर पिशवीत वरच ठेवलीय." मी कानडीत "सरी, सरी", बरं बरं, म्हणत शिडी चढूनसुद्धा गेले.

तिसऱ्या दिवशी समुद्र खवळला. माझ्या चार वर्षांच्या सुमाच्या पोटात पाण्याचा घोटही ठरेना. डॉक्टरांनी औषध दिलं, तेही उलटून पडलं. दोन दिवसांत तिचे डोळे खोल गेले. रडायची, पण डोळ्यांत पाणी येईना. घरून आणलेल्या दशम्या तिला गिळवत नव्हत्या. जहाजाच्या स्वयंपाकघरातून तिच्यासाठी आलेलं पातळ सूप मात्र मी दोनदा परत पाठवलं होतं. मी सोवळ्याओवळ्यात वाढलेली. जिथे मांस शिजतं तिथलं लेकराच्या तोंडी घालायला मन धजेना. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आता काहीतरी पोटात राहायलाच हवं." ते गेल्यावर मी तसबीर काढली. प्रार्थना सुचेना. फक्त म्हटलं, "माझी अक्कल संपली. आता तूच बघ."

थोड्या वेळानं दारावर टकटक झाली. बाहेर स्वयंपाकघरातला एक वयस्कर गोवेकर उभा होता. गळ्यात क्रूस, हातात वाटी.

"बाय, पोर रडताना ऐकलं. तांदळाची पेज आहे. मीठ तेवढं घातलंय."

माझा हात पुढे होईना. त्यांना ते समजलं असावं. त्यांनी वाटी उंबऱ्याशी ठेवली आणि ते वळले. तेवढ्यात सुमा कण्हली. माझ्या तोंडून निघालं, "थांबा हो. तुम्हीच भरवा."

ते खाली बसले. एक चमचा देत, बराच वेळ थांबत, मग दुसरा. मध्येच जहाज असं कललं की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा अर्धी वाटी संपली होती, आणि ती पेज पोटात राहिली. सकाळी सुमानं स्वतःहून आणखी मागितली.

एडनला जहाज लागल्यावर मी त्यांना शोधून काढलं आणि विचारलं, "तुम्हाला कुणी पाठवलं होतं?"

"कुणी नाय. शुक्रवारचा माझा उपास. सोडायला पेज केली होती, तोंडाला लावणार तोच पोराचा आवाज आला."

"मग तुम्ही काय खाल्लंत?"

ते नुसते हसले. मी पायांशी वाकले तर घाबरून मागे सरले, "नको, नको बाय!"

पुढे पुष्कळ वर्षं या गोष्टीचा विचार केला. सोवळ्याओवळ्यावरून कुणाशी वाद घातला नाही. सुमा आता माझ्याहून उंच आहे. देवापुढे मी रोज बसते, मागणंही मागते. ते कुणाच्या हातून यावं, हे मात्र त्याला सांगत नाही.