गोत्र आणि आफ्रिका

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. माणूस आफ्रिकेत घडला आणि तिथून जगभर पसरला, असं फळ्यावर बाण काढून सांगते. माणूस ठिकठिकाणी, जिथल्या तिथं घडला, असं मानणारा दुसराही एक पक्ष होता. तोही शिकवते, कारण भांडण दोन्ही बाजूंनी कळलं पाहिजे. हेच भांडण एक दिवस माझ्या घरात येऊन बसेल, असं काही वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी मुलीनं लग्न स्वतःच जमवलं. मुलगा आमच्यातलाच, सोलापुरात स्थिरावलेल्या तेलुगू विणकरांच्या घरचा. आडनाव वेगळं, मूळ गाव वेगळं, पण गोत्र निघालं एकच. मुलाच्या आईनं निरोप धाडला, हे तर बहीण-भाऊ, लग्न होणे नाही. मुलीनं जेवण सोडलं. मी घरभर येरझारा घालत राहिले. शेजारच्या यंत्रमागांची खडखड मला आयुष्यात पहिल्यांदा असह्य झाली.

थोरले दीर मला चिडवायला ‘बाई’ म्हणतात. लग्नाच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द चालतो, म्हणून त्यांना गाठलं.

“सगळी माणसं एकाच मुळातली, भावोजी. गोत्राचं काय घेऊन बसलात?”

“व्हय की,” ते म्हणाले. “मग सगळेच बहीण-भाऊ. लगीन कुणाशी करायचं, सांगा.”

त्यांच्या मते प्रत्येक गोत्राचा ऋषी वेगळा, म्हणून मूळही वेगळं. माझ्या पाठातला दुसरा पक्ष समोर बसून बशीतून चहा ओरपत होता. माझं डोकंच फिरलं.

“आपल्यात सख्ख्या मामाशी लग्न चालतं. आणि ज्याच्याशी आठवणीतलं कुठलंच नातं नाही, तो भाऊ?”

“रीत हाय, बाई.”

मी पुन्हा वाचायला बसले. पुस्तक उघडायचं, मिटायचं, मुलीच्या बंद दाराकडं बघायचं. आता म्हणतात, आफ्रिकेतून निघालेली माणसं वाटेत भेटलेल्या निअँडरथलांसारख्या जुन्या माणसांत मिसळली, आणि त्यांचा थोडा अंश आपल्यातही आहे. म्हणजे शुद्ध असं कुणाचंच काही नाही. मी तावातावानं हे दिरांना ऐकवलं आणि तिथंच फसले.

“झालं तर! परक्यात मिसळता येतंय की. पोरगी तुमच्या भावाला दत्तक द्या, गोत्र बदलतंय.”

ही तोड आमच्यात जुनी आहे. मुलीला विधीनं दुसऱ्या गोत्रात द्यायचं, की अडचण संपली. मुलाची आई लगेच तयार झाली. मुलगी धावत येऊन माझ्या गळ्यात पडली, मग मला नाही म्हणवेना. पण आतून जळत होते. गुणसूत्रं माझी, नाक माझं, आणि या पाटावरून उठून त्या पाटावर बसली की वंश बदलला?

पुरोहितांनी विचारलं, “दिली का?” वर्गात मी कधी अडखळत नाही. तिथं अडखळले. नवऱ्यानं कोपरानं ढोसलं, तेव्हा म्हणाले, “दिली.” भाऊ आणि भावजय पलीकडं बसले होते. मुलगी उठून त्यांच्याकडं गेली. मागं वळून बघायचं नाही, असं तिला सगळ्यांनी बजावलं होतं. तिनं बघितलं नाही. नुसता विधी आहे, असं मी स्वतःला सांगत राहिले.

लग्नात जावयाचे पाय धुवायची वेळ आली. मी पाण्याचा तांब्या उचलून पुढं झाले. दीर जवळ आले. या वेळी चिडवत नव्हते, आवाज अगदी हळू होता.

“बाई, तुमी न्हाय. तुमी आता तिची आत्या.”

मी तांब्या भावजयीच्या हातात दिला आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांत जाऊन बसले. शेजारच्या अनोळखी बाईंनी विचारलं, “तुम्ही मुलीच्या कोण?”