दमयंतीची लाल गाडी

दमयंतीची सही मागायला गेलेल्या शिष्टमंडळात मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो. आदिलाबादजवळच्या मावला गावच्या शाळेत मी मास्तर, आणि मास्तराला कुठल्याही समितीत बसवलं की तो फुगतो. मीही फुगलो होतो.

दमयंती नेरडीगोंडा गावची. बाप महिपत, कापूस आणि ज्वारीची शेती. १९८४ साली, अकरा वर्षांची असताना, शाळेत जायला ती हमरस्ता ओलांडत होती आणि नागपूरकडून आलेल्या लॉरीनं तिला उडवलं. लॉरी थांबली नाही. डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. नंबर कोणी पाहिला नाही, ड्रायव्हर सापडला नाही, दोन वर्षांनी फाईल बंद झाली. एवढी हकीकत सगळ्यांना पाठ आहे, कारण लोकांनी ती तिला कधी विसरूच दिली नाही.

रस्ता सुरक्षा सप्ताह आला की सरकारी जीप तिला न्यायला यायची. मंचावर पहिल्या खुर्चीत बसवायचे, हार घालायचे, आणि साहेब तिच्याकडे बोट दाखवून भाषण ठोकायचे. सलग पाच वर्षं. 'तू दोन शब्द बोल' असं तिला एकदाही कोणी म्हटलं नाही. सहाव्या वर्षी जीप दारात आली तेव्हा ती मागच्या दारानं शेतात निघून गेली. लोक म्हणाले, पोरीला उपकाराची जाण नाही. कसला उपकार, ते मला आजवर कळलेलं नाही. पण तेव्हा मीही मान डोलावली होती.

पुढं ती आदिलाबादला टायपिंग शिकली, आधी इंग्रजी, मग तेलुगू. बोटं अशी चालायची की कचेरीतले कारकून हातातलं काम सोडून बघत बसत. शहाण्णव साली तिनं मावल्यात केशवरावांची रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली आणि दोन कॉम्प्युटर मांडले. अर्ज, करारनामे, लग्नपत्रिका, सगळं तिच्याकडं. मुलामुलींना ती कॉम्प्युटर शिकवायचीही. तिचं आणि म्हाताऱ्या महिपतचं पोट त्या खोलीवर होतं.

अठ्ठ्याण्णव साली हैदराबादहून आलेल्या एका सीडीतून एक गेम तिच्या मशीनवर आली. गाड्यांची शर्यत, पण शर्यत नावालाच. दुसऱ्यांच्या गाड्या ठोकून फोडायच्या, रस्त्यावरच्या माणसांना उडवायचं. जितकी माणसं चिरडाल तितका वेळ वाढवून मिळणार. पेपरात आलं होतं की परदेशात कुठंतरी हिच्यावर आधी बंदी घातली, मग रक्ताचा रंग लालचा हिरवा केला आणि परवानगी दिली. सरकारं सगळीकडची सारखीच.

शिकायला येणारी मुलं वर्ग सुटल्यावर ती खेळतात, असा मावल्यात बोभाटा झाला. केशवरावांनी समिती बसवली. ते तहसीलीतून रिटायर झालेले. सरकारकडं एखादी दरख्वास्त, म्हणजे अर्ज, केल्याशिवाय त्यांना दिवस सुना जायचा. महिला मंडळाच्या रुक्माबाई आल्या. कलेक्टर साहेबांनी असल्या खेळांवर जिल्हाभर बंदी घालावी, असा मसुदा मी तेलुगूत लिहिला.

"पह्यला दस्तखत दमयंतीचा पायजे," केशवराव म्हणाले. "तिचं नाव पाह्यलं का साहेबाले नाही म्हणता येत नाही."

आम्हा सगळ्यांना पटलं. बिचारी दिवसभर टायपिंगमध्ये गुंतलेली, पाठीमागं मुलं काय खेळतात हे तिला काय ठाऊक, असं आम्ही धरून चाललो होतो. कागद टाइपही तिच्याकडूनच करून घ्यायचा ठरला.

दुपारी सव्वा वाजता आम्ही दार ढकललं. दमयंती एकटीच होती. नकली पाय काढून भिंतीला टेकवून ठेवलेला, आणि ती खुर्चीच्या टोकावर बसून गाडी चालवत होती. बाणांच्या चार बटनांवर बोटं. पडद्यावरची लाल गाडी फुटपाथवर चढली, एक माणूस उडाला, दुसरा उडाला, आणि ती खदखदून हसली. तिला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. रुक्माबाईंनी तोंडाला पदर लावला.

"दमयंती, तू?" केशवराव म्हणाले. "तुले तरी समजाले पायजे होतं. हे शोभते काय तुले?"

तिनं खेळ थांबवला, पण पाय लावायची घाई केली नाही. "रोज एक ते दोन मी खेळते, काका. काऊन?"

"काऊन म्हणते? तुह्यावर जे गुजरलं त्याच्यानंतर..."

"माह्यावर गुजरलं ते मले माहीत आहे. तुमी मले अजून त्या लॉरीखालून निघू नाही देऊन राह्यले. मी कुठं बी गेली का लोकं आधी पाय पाह्यतात, मंग तोंड. इथं तासभर गाडी माह्या हातात असते. मले मजा येते. अन इथं कोणी मरत नाही, मरतात ते रस्त्यावर. मागच्या महिन्यात शाळेपुढं दोघं गेले. तवा कोणती समिती बसली, सर?"

तो 'सर' माझ्यासाठी होता. मी मसुदा पुढं केला. तिनं शेवटपर्यंत वाचला.

"टाइप करून देते, ते माहं काम आहे. सही नाही करत."

"मंग खोली खाली कर," केशवराव म्हणाले. "सही केली तं राहा. नाही तं महिनाअखेर."

"करते खाली."

आणि तिनं खरंच टाइप करून दिलं. तीन प्रती, एक चूक नाही. बाहेर येऊन आम्ही सह्या केल्या, पण दुसऱ्या ओळीपासून. पहिल्या ओळीवर यायला कोणी तयार होईना; केशवराव म्हणाले रुक्माबाईंनी करावी, रुक्माबाई म्हणाल्या सरांनी. माझी सही चौथ्या ओळीवर. ती दरख्वास्त कलेक्टरपर्यंत गेलीच नाही, केशवरावांच्या कपाटात पडून राहिली. दमयंतीची खोली मात्र गेली. मला संताप आला, पण उशिरा, आणि जास्त स्वतःचाच.

महिनाअखेरीला मी तिच्याकडं गेलो. दारात ऑटो उभा होता. बसस्टँडजवळ तिनं दुसरी खोली पाहिली होती, आधीच्या निम्मीही नसेल. मी मॉनिटर उचलायला हात घातला.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "तुमचं नाव आहे त्या कागदावर."

"तो कागद कुठंच जाणार नाही, दमयंती."

"नाही जाणार. नाव तं आहे."

मी हात काढला. रस्ता ओलांडून केशवरावांच्या घरी गेलो, कागद मागून घेतला आणि त्यांच्यासमोर शाईच्या पेनानं तिन्ही प्रतींवरची माझी सही खोडली.

"सर, लोकं काय म्हणतील?" केशवराव म्हणाले.

"म्हणू द्या," मी म्हटलं. पन्नाशीला आलो होतो, आणि हे दोन शब्द तोंडून पहिल्यांदा निघाले.

परत आलो तेव्हा एक कॉम्प्युटर ऑटोत चढला होता, दुसरा टेबलावरच होता. तिनं माझ्या बोटांना लागलेली शाई पाहिली.

"उचला," ती म्हणाली.