रघुनाथरावांच्या जीपचा हॉर्न

नमस्कार मंडळी. इथले भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगू का, हसण्यासाठी वाचते. आमचं गाव नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या पुढे, धंदा भाजीपाल्याचा. अमावास्या असली तरी टोमॅटोचे क्रेट भरून मी एकटी नाशिकला गाडी काढते. लिंबू-मिरची मी विकते, बांधत नाही. तेव्हा पुढचं वाचून ‘ताई, दृष्ट काढून घ्या’ असले सल्ले देऊ नका... झालं ते फक्त सांगतेय.

गेल्या डिसेंबरात नाशिकच्या एका मोटर क्लबनं मातीच्या ट्रॅकवर शर्यत ठेवली होती. गंगापूर धरणाकडे जाताना मोकळं मैदान लागतं, तिथे. शर्यतीची राणी म्हणून दर वर्षी कॉलेजातली एखादी देखणी मुलगी निवडायचे. यंदा कुणाच्या तरी डोक्यात आलं, की राणीला गाडी चालवता आली पाहिजे. झालं, माझ्या मुलीनं, मुक्तानं, मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. रॅम्पवर चालायचं, एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि ट्रॉली जोडलेली जीप रिव्हर्समध्ये लावायची. रॅम्पवर मी शेताच्या बांधावरून चालावं तशी चालले. पण ट्रॉली मागे घेताना बाकीच्या पोरींची त्रेधा उडाली, आणि मी तर ते रोज मार्केटात करते. चाळिशी उलटल्यावर डोक्यावर क्राउन आला. इतकी हसले की तो खाली पडला.

आता जीपबद्दल. जीप माझ्या मिस्टरांची, रघुनाथरावांची. ते जाऊन पाच वर्षं झाली. त्यांना एक खोड होती. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला शेजारी हळदी-कुंकवाला मी उखाण्यात त्यांचं नाव घेतलं, तर बाहेर जीपमध्ये माझी वाट बघत बसलेल्या या माणसानं हॉर्न दाबला. पोंऽ पोंऽ पोंऽऽऽ! सगळ्या बायका हसून लोटपोट. मी रागावले तर म्हणतात, “नाव पुकारलंस, मग हजेरी नको द्यायला?” तेव्हापासून हाच उद्योग. माझ्या सासूबाई घरातून ओरडायच्या, “धीर म्हणून नाय मेल्याला!”

‘मेल्या’ हा सासूबाईंचा लाडाचा शब्द. मुलाला मेल्या, कोंबड्याला मेल्या, लाईट गेली की वायरमन मेला. मुलगा गेला आणि तो शब्द त्यांच्या तोंडून गेला तो गेलाच. मलाही हळदी-कुंकवाची बोलावणी बंद झाली, विधवेला कोण बोलावणार... मिस्टरांचं नाव घ्यायची वेळच येईना. जीपचा तो हॉर्न मला ऐकवेना, म्हणून मी तो काढून कापडात बांधून कपाटात ठेवला आणि नवा बसवला. त्याचा आवाज नुसता ‘पीं’.

शर्यतीच्या दिवशी झेंडूनं सजवलेल्या त्याच जीपमधून मी ट्रॅकला फेरी मारली. सासूबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत, शेजारी मुक्ता मोबाईल धरून. मी जीप कडेला लावली, किल्ली पदराला बांधली. आता राणीनं पहिल्या गाडीचं औक्षण करायचं आणि झेंडा दाखवायचा. ताट हातात घेतलं, तेवढ्यात निवेदक माईकवर सुरू झाला. बाहेरगावचा पोरगा, त्याला काय माहीत.

“राणी म्हटलं की राजा आलाच! राणीसाहेब, राजांचं नाव घ्या, होऊन जाऊ द्या उखाणा!”

आमच्या गावची माणसं बसली होती त्या रांगेत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कमिटीतल्या एक बाई लगबगीनं आल्या आणि त्यांनी ताटाला हात घातला. हळूच म्हणाल्या, “ताई, तुम्ही राहू द्या. शुभ काम आहे, मी ओवाळते.” बाई वाईट नव्हत्या हो. पण माझे डोळे भरून आले. क्राउन गेला असता तरी चाललं असतं, ते ताट मला सोडायचं नव्हतं.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “घे की नाव. तुझ्याच नवऱ्याचं घ्यायचंय, दुसरीच्या नवऱ्याचं नाय.”

मग घेतलंच —

“एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्या हातात गिअर,
रघुनाथरावांचं नाव घेते, रस्ता करा क्लिअर.”

टाळी पडायच्या आत आवाज आला. पोंऽ पोंऽ पोंऽऽऽ.

सगळ्यांच्या माना जीपकडे वळल्या. जीप रिकामी. किल्ली माझ्या पदराला. बोनेटवरची झेंडूची माळ तेवढी थरथरत होती.

निवेदक म्हणाला, “गाडीत कोण बसलंय ते?” आणि त्याच्याहून मोठ्यानं सासूबाई ओरडल्या, “धीर म्हणून नाय मेल्याला!”

बोलल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. आधी कोण हसलं ते आठवत नाही. दोघींच्या डोळ्यांना धारा, आणि हसू काही थांबेना. पूर्ण रांग हसायला लागली. त्या कमिटीतल्या बाईंनी ताट कधी सोडलं कळलंच नाही, त्या रुमाल शोधत होत्या. मी पहिल्या गाडीला ओवाळलं, झेंडा दाखवला, आणि एवढी धूळ उडाली की राणी नखशिखांत मातीची झाली. आयुष्यात इतकी खूश मी क्वचितच झाले असेन.

मुक्ता म्हणाली, वायरिंग शॉर्ट झालं असेल. मेकॅनिकनं सगळं तपासलं, वायरिंग ठणठणीत. आणि शॉर्ट झालं तरी वाजणार ‘पीं’च ना? जुना हॉर्न घरी कपाटात, मी बांधलेल्या गाठीसकट तसाच होता. कुणी म्हणालं, पार्किंगमधल्या दुसऱ्या गाडीचा असेल. असेलही... मग माळ का हलली? मुक्ताच्या व्हिडिओत रिकामी जीप दिसते आणि आवाज स्वच्छ ऐकू येतो. याचं स्पष्टीकरण तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

जुना हॉर्न मी परत जीपला बसवलाय. या संक्रांतीला शेजारीण स्वतः घरी येऊन हळदी-कुंकवाचं बोलावून गेली. जीप तिच्या दारात लावून मी आत गेले, नाव घेतलं. सगळ्या जणी बाहेर कान लावून बसल्या. काहीच वाजलं नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “घाई सरली असंल मेल्याची.”