जिवंत माणसांना हार

फोटोग्राफी फेस्टिव्हलसाठी जागा मिळवणं हे माझं काम. म्हणजे काय, तर दारोदार हिंडून नन्नाचा पाढा ऐकणं. परळच्या मॉलला आमचे फोटो चालत होते, पण फक्त पार्किंगमध्ये. गिरगावातल्या हॉलवाल्यांनी लग्नाचं बुकिंग आलं म्हणून ऐनवेळी हात वर केले. शेवटी चिंचपोकळीच्या एका चाळीतल्या मंडळाचा हॉल मिळाला, तोही तिथल्या एका मावशींच्या शब्दावर. मावशी मूळच्या मालवणकडच्या, गिरणी कामगारांची खाणावळ चालवलेल्या, आता घरात एकट्याच. आधी त्यांनी स्वतःचा फोटो काढू दिला, मग चाळीतल्या बाकीच्या म्हाताऱ्या तयार झाल्या आणि मंडळाच्या सेक्रेटरींचाही नाइलाज झाला.

उद्घाटनाच्या सकाळी हॉलमध्ये शिरले आणि कपाळावर हात मारला. भिंतीवरच्या प्रत्येक म्हातारीच्या फोटोला झेंडूचा हार! प्रायोजकाच्या मार्केटिंग एजन्सीतली मुलगी खुशीत रील काढत होती. तिला लोकल फील हवा होता म्हणे. अगं बाई, आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात, एवढं कुणाला तरी विचारायचंस! सेक्रेटरी कोपऱ्यात उभेच होते. विचारलं तर म्हणाले, आम्हाला वाटलं तुमच्या स्पॉन्सरचं काहीतरी असेल. वाटलं म्हणे! बॅनरवर सगळ्या कार्यकर्त्यांचे चेहरे हवेत म्हणून आठवडाभर माझं डोकं खाल्लं, तेव्हा बरा कंठ फुटला होता.

बायका यायच्या आत भिंत मोकळी झाली नाही तर हॉलला कुलूप लागणार, हे उघड होतं. मी स्टुलावर चढून हार ओरबाडायला लागले. त्या मुलीलाही कामाला लावलं, रील गेलं खड्ड्यात. जमिनीवर पाकळ्यांचा नुसता सडा पडला.

शेवटचा फोटो मावशींचा. हाराला हात घातला आणि मागून चपलांचा आवाज आला. ठेवणीतलं लुगडं नेसून मावशी सगळ्यांच्या आधी येऊन उभ्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मात्र माझ्याकडे बघतच नव्हत्या, फोटोकडे बघत होत्या.

"रवांदे गो तो," त्या म्हणाल्या. "माझ्या मागसून घालूक कोण आसा?"

माझ्या ओढाओढीत वाकडा झालेला हार मी सरळ केला आणि स्टुलावरून खाली उतरले.