राहिलेला आशीर्वाद

बाबा गेल्याचं पत्र हाती पडलं, तेव्हा नागपूरला त्यांचा तेरावाही होऊन गेला होता. त्या दिवसापासून मी देवाला हात जोडले नाहीत. अमेरिकेला येताना आणलेले देव डब्यात घातले आणि डबा कपाटावर ठेवून दिला. मी मुळातच हट्टी; रुसले की रुसले. पण खरा राग माझा माझ्यावरच होता. निघण्याच्या आठवडाभर आधी बाबा घसरून पडले होते आणि त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. मी पाया पडले तेव्हा त्यांनी डावा हात पुढे केला. मी हसत डोकं मागे घेतलं. "डाव्या हाताने कसला आशीर्वाद, बाबा! प्लॅस्टर निघालं की उजव्याने द्या." तेही हसले. "बरं बाई, राहिला," म्हणाले. तो राहिला तो राहिलाच.

ही ऐंशीच्या दशकातली, अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातली गोष्ट. नवरा पीएचडीच्या कामात बुडालेला. "अगं, एक्सपेरिमेंट मध्येच सोडता येत नाही, तू जेवून घे," असा त्याचा फोन रोजचाच. बाहेर गुडघाभर बर्फ, आत चार भिंती खायला उठायच्या. माझ्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती, म्हणून मी युनिव्हर्सिटीच्या कलाविभागात बिनपगारी कामाला जाऊ लागले. वर्गात पडद्यावर चित्रं दाखवायच्या स्लाइड्स मी क्रमाने लावायचे आणि सुलटी बाजू कळावी म्हणून कोपऱ्यात लाल टिकली चिकटवायचे. फोनवरचे ते दोन शब्द सोडले, तर दिवसचे दिवस मराठी बोलायचे ती फक्त स्वतःशी.

त्या हिवाळ्यात माझ्याकडे एका जर्मन चित्रकाराच्या स्लाइड्स आल्या. दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस. बायको आणि दोन मुलं साथीत गेलेली. पुढे उभा जन्म भाड्याच्या एका खोलीत काढला आणि खेड्यापाड्यांतल्या चर्चसाठी चित्रं केली. रंग कालवण्याआधी तो प्रार्थना करायचा म्हणे. मला त्याचा हेवा वाटायचा, रागही यायचा. देवाने इतकं सगळं हिरावून घेतलं, तरी हा त्याच्याशी अबोला कसा धरत नाही?

त्याच्या शेवटच्या चित्रात येशू आशीर्वाद देत होता, डाव्या हाताने. स्लाइड उलटी आहे हे मी लगेच ओळखलं. टिकली सोलून दुसऱ्या बाजूला लावली आणि आपल्या हुशारीवर खूश झाले.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर साठीच्या प्रोफेसरबाईंनी मला बोलावलं. पडद्यावर तेच चित्र होतं. कोपऱ्यातली चित्रकाराची सही आरशातल्यासारखी उलटी दिसत होती.

"ही तू फिरवलीस?"

"देव डाव्या हाताने आशीर्वाद कसा देईल?" मी म्हटलं.

बाई रागावल्या नाहीत. स्लाइड सुलटी करत म्हणाल्या, "म्हातारपणी त्याचा उजवा हात लुळा पडला. हे चित्र त्याने डाव्या हाताने काढलं. आपल्याकडे उरलेला हात त्याने देवाला दिला, असं मला वाटतं."

एवढं सांगून त्या निघून गेल्या. रिकाम्या वर्गात मी आणि तो हात. रेषा थरथरलेल्या होत्या, बोटं जराशी वाकडी. मला रडू कोसळलं. किती वेळ रडले कोण जाणे. मग पडद्यापुढे जाऊन डोकं टेकवलं आणि मोठ्याने म्हणाले, "द्या बाबा, डाव्याने द्या."

घरी येऊन देवांचा डबा खाली काढला. याला कुणी योगायोग म्हणेल. मी वाद घालत नाही. परक्या देशात, परक्या देवाच्या चित्रातून माझी समजूत घालणाऱ्याचे उपकार मात्र मी विसरलेले नाही. देणारा कुठल्या हाताने देतो हे आपण ठरवू नये. बाबांचा आशीर्वाद राहिलाच नव्हता. माझं वाकायचं राहिलं होतं.