गंगाधर तुळसकरचा पौष्टिक पाव

दिनांक १० ऑक्टोबर १९५७. रक्कम रुपये सतरा, नवे पैसे पंच्याहत्तर. एवढे पैसे मोजून गंगाधर तुळसकरने गिरगावातून पत्र्याची एक भट्टी विकत घेतली आणि हमालाच्या डोक्यावर देऊन लालबागच्या चाळीत आणली. भट्टी कसली, दाराला कडी असलेली पेटीच ती. खाली निखारे, वर झाकणावर निखारे, मधल्या पोकळीत पावाचा डबा. बहिणीच्या लग्नासाठी एखादे बरे लुगडे आतापासून घेऊन ठेवू या, असे आई ज्या महिन्यात सांगत होती, त्याच महिन्यात त्याने ही पेटी घेतली. खरे म्हणजे गंगाधरचे सगळे चरित्र एवढ्यात आले. पण नुसत्या एका खरेदीवरून माणसाच्या मूर्खपणाचा पुरता अंदाज येत नाही, म्हणून पुढचे सांगायचे.

गंगाधर परळच्या एका गिरणीच्या कचेरीत कारकून होता. मॅट्रिक तो दुसऱ्या खेपेला पास झाला. तिसऱ्या मजल्यावर मॅट्रिक झालेला तो एकटाच, ही गोष्ट तो स्वतः कधी विसरला नाही आणि दुसऱ्या कुणाला त्याने विसरू दिली नाही. वडील वारलेले. खोलीत तो, आई जाईबाई आणि धाकटी बहीण वासंती. वासंती चोवीस वर्षांची झाली होती. तिची दोन स्थळे गंगाधरच्या जिभेने घालवली होती. एका वरपित्याला त्याने तंबाखूचे दुष्परिणाम सांगितले होते, दुसऱ्याला त्याच्याच आडनावाची खरी व्युत्पत्ती. "बहिणीचं झाल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही," असे तो स्वतःबद्दल सांगे. खरी गोष्ट अशी की त्याला मुलगी द्यायला आलेला माणूस पुन्हा त्या जिन्याला पाय लावत नसे.

पावाचे वेड त्याला हेडक्लार्क मनमोहनरावांच्या घरी लागले. मनमोहनराव गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातले. भानोले नावाचा तिखट पदार्थ भाजायला खाली-वर निखारे घालायची रीत त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेली; त्याच भट्टीत त्यांच्या पत्नी उर्मिलाबाई कधीमधी पावही भाजत. गंगाधरला त्यांनी लोणी लावून एक तुकडा दिला, तेव्हा तो हुरळला. त्यात कुठल्याशा आरोग्य प्रदर्शनात फुकट वाटलेली एक चोपडी त्याच्या हाती पडली. तीत प्रथिनांची थोरवी होती आणि शेंगदाण्याच्या पेंडीत ती ठासून भरलेली असतात, असे छापले होते. झाले! दोन्ही गोष्टी एकत्र करून त्याने लालबागच्या उद्धाराची योजना आखली.

उर्मिलाबाईंनी त्याला बजावले होते, "पेंडीचं पीठ घालायचंच असेल तर मूठभर घाला हो. जास्त झालं की पाव फुगायचा नाही."

मूठभर प्रथिनांनी समाज सुधारत नसतो, असे गंगाधरचे मत पडले. त्याने गव्हाच्या पिठात निम्मी पेंड घातली, वर चण्याचे पीठ घातले आणि दुधाची भुकटी घातली. परळच्या पाववाल्याकडून खमिराचा गोळा आणला. पाव भट्टीतून निघाला तो विटेच्या रंगाचा, विटेच्या आकाराचा आणि विटेहून थोडा जड.

"जमला," गंगाधर म्हणाला.

जमला म्हणजे वासंतीने जमवला. पहाटे उठून कणीक मळायची तिने, कोळसे फुंकायचे तिने, भट्टी गॅलरीत मांडली म्हणून शेजारणींची बोलणी खायची तीही तिनेच. गंगाधर खुर्चीवर बसून चोपडी वाचून दाखवायचा आणि मधूनच म्हणायचा, "जोर लाव, जोर. घरात शास्त्र आलंय."

जाईबाई पहिल्या दिवशी पेंडीचे पुडके हुंगून म्हणाल्या, "अरे, ही आमच्या गावाक म्हशींका घालतत."

"म्हणून तर म्हशी धट्ट्याकट्ट्या असतात, आणि तुम्ही माणसं अशी!"

शेजारच्या खोलीतला धोंडू गिरणीत मागावरचा साचेवाला होता. गंगाधरला तो लहानपणापासून ओळखत होता, त्यामुळे त्याला त्याचे काडीचे कौतुक नव्हते. गंगाधर संयुक्त महाराष्ट्राच्या एकाही सभेला गेला नव्हता. चहा-बटर खाणाऱ्या लोकांना राज्य मिळत नसते, आधी प्रथिने मग मुंबई, असे तो गॅलरीत उभा राहून सांगे. नोव्हेंबरअखेर प्रतापगडावर निदर्शनांना जायला लालबागेतून ट्रक निघाले. धोंडूने कांदा-भाकरी बांधून घेतली होती. गंगाधरने बळेच एक पाव त्याच्या पिशवीत कोंबला.

धोंडू परत आला तेव्हा जिन्यातच गंगाधर आडवा आला. "मग? कसा लागला पाव?"

"उपयोगी पडला रे बाबा," धोंडू म्हणाला. "घाटात ट्रक मागं सरकायला लागला. दगड शोधायला वेळ कुठं होता? तुझा पावच चाकाखाली घातला. तिळभर हलला नाही."

सगळी गॅलरी हसली. वासंती दाराआड हसली. गंगाधर म्हणाला, "गाढवाला गुळाची चव काय," आणि त्या रात्री पेंड आणखी एक वाटी वाढवण्यात आली.

याच सुमाराला वासंतीला तिसरे स्थळ आले. मुलगा शिवडीचा, नाव रघुनाथ, गोदीतल्या एका गोदामात कारकून. त्याचे मामा कुशाबा लालबागेतलेच, तेच मधले गृहस्थ. गणपतीत कुशाबांच्या घरी रघुनाथने वासंतीला पाहिले होते. आरती आटोपून माणसे पांगत असताना त्याने तिला हळूच विचारले होते, "तुम्हांला शिवडीला राहायला आवडेल का? भरती-ओहोटीला चिखलाचा वास येतो तिकडे."

अमुक गोष्ट तुला आवडेल का, असे वासंतीला तोवर कुणी विचारले नव्हते. ती "येऊ दे की" एवढेच म्हणाली होती. पण तेव्हापासून तिचे मन त्या चिखलाच्या वासाकडे लागले होते. हे स्थळ गेले तर जन्मभर दादाची कणीक मळत बसायचे, हे तिला स्पष्ट दिसत होते.

डिसेंबरातल्या एका रविवारी रघुनाथ, त्याची आई रमाबाई आणि कुशाबा रीतसर मुलगी बघायला आले. जाईबाईंनी सकाळीच शिरा करून ठेवला होता. गंगाधरने तो उचलून फळीवर ठेवला. "शिरा सगळेच देतात," तो म्हणाला. प्रत्येकापुढे त्याने स्वतः बशी मांडली : पौष्टिक पावाचे दोन जाड तुकडे, लोणी, उकडलेले अंडे. शेजारी पेलाभर दूध.

रमाबाईंनी बशीकडे पाहिले आणि हात मागे घेतला. त्यांची चाळ शिवडीत क्षयाच्या इस्पितळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. रोज संध्याकाळी आजाऱ्यांचे नातेवाईक पिशव्या घेऊन त्यांच्या दारावरून जात. पिशव्यांत काय असते ते त्या वीस वर्षे बघत होत्या : पाव, अंडी, दूध.

"जाईबाय, घरात कोण आजारी आसा काय?" त्यांनी विचारले.

"नाय गे. देवाच्या दयेन सगळी बरी आसत."

"मग ह्यां कोणासाठी?"

जाईबाई तोंड उघडणार तोच गंगाधर पुढे सरसावला. "हा साधा पाव नव्हे, रमाबाई. आमच्याकडे रोज असतो. खास वासंतीसाठीच म्हणा ना!"

"तिच्यासाठी? कित्याक?"

"फार अशक्त होती हो. रंग फिका, जिना चढली की धाप. आता बघा! दर रविवारी दादर स्टेशनवरच्या काट्यावर नेऊन मी तिचं वजन करतो. दोन महिन्यांत सहा पौंड वाढलंय!"

वासंती चहाचा ट्रे धरून उभी होती. धाप तिला जन्मात लागली नव्हती; खालच्या नळावरून तीन मजले पाणी तीच चढवीत होती. ती "दादा" म्हणाली. कुशाबा खाकरले. दादा भरात होता.

"आणि खोकलो?" रमाबाईंनी अगदी हलक्या आवाजात विचारले.

गंगाधरला पावाच्या पदरात आणखी एक यश टाकायची संधी दिसली. "थंडीत असायचा थोडा. आता नावाला नाही."

रमाबाई उठल्या. पदर सावरीत, दूध न पिता, त्या दाराशी गेल्या. रघुनाथने मात्र एक तुकडा तोंडात घातला होता आणि तो त्याला गिळताही येईना, टाकताही येईना. जबडा हलवीत त्याने वासंतीकडे पाहिले आणि कसेबसे म्हटले, "पाणी मिळेल?" तिने दिले. तो पाणी प्यायला आणि आईच्या मागून गेला.

"बाई अवाक झाल्या," गंगाधर समाधानाने म्हणाला. "छाप पडली."

तिसऱ्या दिवशी कुशाबा आले. त्यांनी चपला काढल्या नाहीत. "गंगाधरा, तुझं तोंड शिवून घेतलंस तर टाक्यांचे पैसे मी देईन. आमची अक्का म्हणते, पोरगी क्षयातून उठलीय आणि हे लोक लपवतायत."

"लपवतोय? मी तर वजनासकट सांगितलं!"

"तेच तर ना रे! आता छातीचा फोटो दाखवा म्हणते. स्वच्छ निघाला तर पुढचं बोलू, नाहीतर राम राम."

गंगाधर उसळला. हा घराण्याचा अपमान होता, फोटो काढणे म्हणजे आरोप मान्य करणे होते, आपण रमाबाईंना आहारशास्त्रावर सविस्तर लिहून पाठवू, आणि शिवाय महिनाभर रोज एक पाव शिवडीला पोचवू. कुशाबा जिना उतरून गेले तरी त्याचे चालूच होते.

वासंती भावापुढे कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "दादा, तुझी ती पेंड मी रोज अंधारात उठून मळते. धाप लागणाऱ्या बाईला ते जमलं असतं?"

"बघ! म्हणजे पावानं ताकद आलीच की नाही?"

तिने त्याच्याकडे असे पाहिले की दुसरा असता तर शरमला असता. मग ती उठून आईजवळ जाऊन बसली. परळला एका खासगी डॉक्टरकडे छातीच्या फोटोचे बारा रुपये पडत होते. जाईबाईंच्या कनवटीला पाच निघाले. गंगाधर म्हणाला, असल्या अडाणीपणासाठी माझ्याकडे एक पैसा नाही. भिंतीपलीकडे धोंडू सगळे ऐकत होता. सात रुपये घेऊन तो दारात आला. "घे काकी. पोरीचं अडू नये."

दुसऱ्या दिवशी मायलेकी परळला गेल्या. "श्वास धरा," यंत्रापलीकडून माणूस म्हणाला. वासंतीने धरला. गार पत्र्याला छाती टेकून उभी असताना पहिल्यांदाच तिला भीती वाटली. त्यांच्याच मजल्यावरची दोन माणसे त्या रोगाने गेली होती. एक तर तिच्याबरोबर सागरगोटे खेळलेली. दादाने थापा मारता मारता खरे तर सांगितले नसेल? खरेच आपल्याला धाप लागत असली आणि लक्षात आले नसले तर? "सोडा श्वास," माणूस म्हणाला, तरी तिला सोडवेना. त्याला दुसऱ्यांदा सांगावे लागले.

फोटो स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी तसे लिहून दिले. कुशाबांनी तो कागद आणि फोटोची काळी फिल्म गुंडाळून शिवडीला नेली. रमाबाईंचा कागदावर विश्वास बसेना; त्यांनी फिल्म आपल्या नेहमीच्या डॉक्टरला उजेडावर धरायला लावली आणि त्याने दोनदा सांगितल्यावर निरोप धाडला, "पोरगी निरोगी आसा. भावाक कोणाक तरी दाखवा." शिवाय एक अट घातली : लग्नाच्या आधी किंवा नंतर त्या भट्टीतला एक घाससुद्धा शिवडीला यायचा नाही.

लग्न फाल्गुनात झाले. पंगतीत साधा मसालेभात होता. वासंती सासरी गेली. गंगाधरने फोटोची फिल्म कुशाबांकडून मागून घेतली आणि गॅलरीत उन्हावर धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला सुरुवात केली. "बघा, कशी फुप्फुसं आहेत! हा पावाचा गुण. डॉक्टरची सही आहे खाली." आपल्या पावामुळेच बहिणीचे लग्न जमले, असे तो कचेरीत सांगू लागला. मनमोहनरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा कामात डोके घातले. कणीक मळायला आता कुणी नव्हते. त्याने एकदाच स्वतः मळायला घेतली, हाताला चिकटली म्हणून पिठालाच शिव्या दिल्या, आणि भट्टी जाईबाईंनी कोळसे साठवायला घेतली. समाजाची लायकी नाही, असा निष्कर्ष त्याने काढला.

पुढे धोंडूने आपल्या सात रुपयांचा विषय काढला, तेव्हा गंगाधर म्हणाला, "फोटो मी काढायला सांगितला नव्हता. ज्यांना शंका होती त्यांच्याकडून घे." जाईबाईंनी भाजीतून वाचवून दोन रुपये दिले. धोंडूचे पाच रुपये बाकी आहेत.