तांबट आळीतलं इंग्रजी

कसबा पेठेत, तांबट आळीत, एक काका तांब्याची भांडी घडवतात. आधी त्यांचं सांगतो, कारण पुढचं सगळं मारामारीचं आहे आणि त्या गोंधळात ते मागे पडायला नकोत. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. तरी मी आज पुण्यात आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्या हातून कुणाचं डोकं फुटलेलं नाही, हे त्यांच्यामुळे. नाव लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "नको. तुझ्या तोंडी माझं नाव आलं की मागोमाग पोलीस येतील."

आता झालं ते सांगतो. जमेल तसं.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सोडली. इंग्रजीच्या तासाला एकेकानं उभं राहून मोठ्यानं वाचायचं आणि सर शेजारी पाण्याच्या मोटारीच्या हिरव्या पाईपाचा तुकडा घेऊन उभे राहायचे. अडखळलं की पोटरीवर. शब्द मला यायचा, पण पाईप हलला की डोळ्यांसमोरून ओळच पळून जायची. एके दिवशी पोटरी फुटली. मोजा रक्तात वाळून चिकटला होता, तो आईनं कोमट पाण्यात भिजवून सोडवला. दुसऱ्या दिवशी मी शाळेऐवजी मोठ्या भावाबरोबर वीटभट्टीवर गेलो तो तिथलाच झालो. पुढं कितीतरी वर्षांनी बाहेरून दहावी केली, मग बारावी. पुण्याला बी.ए.ला जातो म्हणालो तेव्हा भावानं विटांची थप्पी लावता लावता मान वर न करताच सांगितलं, "एक वरीस. नापास झालास की गपगुमान भट्टीवर यायचं. इथं तुझी जागा धरून ठेवणार न्हाई मी."

आणि पहिल्या वर्षाला इंग्रजी सक्तीचं. त्यात तोंडी परीक्षा. बाहेरच्या परीक्षकांपुढं बसून उतारा मोठ्यानं वाचायचा, त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. लेखी कसंबसं निभावलं असतं. मला भीती होती ती या मोठ्यानं वाचण्याची. 

कॉट बेसिसवर आम्ही तिघं एका खोलीत राहायचो. एक बीडचा, माझ्याच वर्गातला, पण वयानं माझ्याहून बराच लहान. दुसरा लातूरकडचा, शेवटच्या वर्षाचा. त्याला आम्ही दादा म्हणायचो. दादाचं पहिल्या वर्षाचं इंग्रजी अजून अडकलेलं होतं, पण खोलीत इंग्रजीचा कायदा त्याचाच. दिवे लागले की मराठी बंद. मीठ मागायचं असलं तरी इंग्रजीत, त्यामुळे बरेचदा आम्ही अळणीच जेवायचो. जेवणाआधी प्रत्येकानं एक पान वाचायचं. चूक झाली की पुस्तक मिटायचं, चष्मा (तो आम्हा तिघांनाही होता) काढून उशीवर ठेवायचा आणि गाल पुढं करायचा. चूक पकडणाऱ्यानं मारायचं. हे आम्ही तिघांनी मिळून कबूल केलेलं होतं, मीसुद्धा. मला वाटलं, शिकायचं म्हणजे असंच असतं. दुसरं काही मी बघितलेलंच नव्हतं.

दादा स्वतः सुटायचा नाही, हे सांगायला पाहिजे. तोही चष्मा काढायचा, गाल द्यायचा आणि मी हात आखडला तर चिडायचा. "गोंजारायलास का? जोरात मार. लागल्याबिगर डोक्यात शिरत न्हाई." इतकं मात्र तो मराठीत बोलायचा आणि त्याबद्दल आणखी एक खायचा. बीडचा हसायचा. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते कशाचं हे तोही सांगू शकला नसता.

वाचलेल्याचा अर्थ काय, हे त्या खोलीत कुणी कुणाला विचारलं नाही. शब्द तोंडातून बाहेर आला, गाल वाचला, संपलं.

दिवाळीनंतर दादाचा निकाल लागला. पुन्हा इंग्रजीत नापास. त्या दिवसापासून हाताच्या जागी चप्पल आली, मग कमरेचा पट्टा. आम्ही नको म्हणालो नाही.  एका संध्याकाळी माझा शब्द चुकला, मी चष्मा काढून ठेवला आणि दादाची चप्पल गालाऐवजी कानावर बसली. आत काहीतरी फाटलं. आधी काहीच ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी लांबत जावी तसा आवाज सुरू झाला तो थांबेना. मी चष्मा उचलला, हातातल्या पुस्तकासकट खोलीबाहेर पडलो आणि वाट फुटेल तसा चालत सुटलो.

तांबट आळीत पोचलो तेव्हा कानातली शिट्टी दबली. हातोड्यांचे ठोके तिच्याहून मोठे होते. एका दुकानाच्या पायरीवर मी बसलो. आत एक म्हातारे गृहस्थ लोखंडी खुंट्यावर हंडा फिरवत त्यावर एकसारखे ठोके पाडत होते.

"काय पाहिजे? हंडा?"

मी मान हलवली.

"मग उजेडातून बाजूला व्हा."

मी सरकलो. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा माझ्याकडं पाहिलं आणि हातोडा थांबवला.

"रक्त पुस्तकावर पडतंय. लायब्ररीचं आहे का?"

"हो."

"मग मान तिकडे करा की."

आणि त्यांनी एक फडकं फेकलं. चिंचेचा वास येणारं, भांडी उजळायचं फडकं. ते कानाला लावून मी रडलो. ठोके पुन्हा सुरू झाले होते, त्यामुळे रडणं ऐकू गेलं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पडदा फाटल्याचं सांगितलं. संध्याकाळी मी खोलीवर गेलो नाही, पायरीवर गेलो. पुस्तक उघडलं आणि सहज म्हणून मोठ्यानं वाचायला लागलो. ठोक्यांखाली माझा आवाज कुणालाच ऐकू जात नव्हता. मी चुकलो असेन, खूप चुकलो असेन. पण पान संपलं तेव्हा चष्मा माझ्या नाकावरच होता. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

काकांना तसंही ऐकू कमीच यायचं, सगळा जन्म त्या आवाजात गेलेला. म्हणायचे, "उजव्या कानानं येत नाही आणि डाव्यानं आलेलं मी मनावर घेत नाही." पण माझे ओठ हलताना ते बघायचे. चार-पाच दिवसांनी त्यांनी विचारलं, "रोज एवढं बडबडतोस ते काय आहे? मंत्र?" अहोजाहोवरून ते कधी अरे-तुरेवर आले ते कळलंच नाही.

"धडा आहे, काका."

"कशाचा?"

मला सांगता येईना. ते पान मी कितीदा वाचलं होतं आणि त्यात काय आहे हे मला माहीत नव्हतं. लाज वाटली. रात्रभर मोबाईलवर शब्द शोधले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या डाव्या कानाशी ओरडून सांगितलं, एक कारकून असतो, तो निवृत्त होतो, तरी रोज डबा घेऊन कचेरीत जाऊन बसतो.

"पुण्यातला दिसतोय," काका म्हणाले. "मग पुढे? हाकलतात का त्याला?"

पुढचं पान मी त्यांच्यासाठी वाचलं. मग त्याच्या पुढचं. त्यांना गोष्ट पाहिजे असायची, मला ती रोज द्यावी लागायची. इंग्रजीच्या ओळीत माणूस असतो, त्याचा डबा असतो, त्याला घरी जायचं नसतं, हे मला त्या पायरीवर कळलं. झोपायला मी उशिरा खोलीवर जायचो. दादा भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. बीडचा हळूच सांगायचा, "जपून राहा. तुझ्यावर लई भडकलाय त्यो."

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी दादा आळीत आला. मी वाचत होतो. वर बघितलं तर तो समोर उभा, माझ्या ओठांकडं बघत. कमरेचा पट्टा हातात गुंडाळलेला.

"इथं लपून वाचायलास व्हय? इतक्या दिवसांचे फटके राहिलेत तुझे. चष्मा काढ."

आणि माझा हात चष्म्याकडं गेला. मी तो काढला. दादानं पुस्तक हिसकावून गटारात टाकलं आणि पट्टा उलगडला. पहिला खांद्यावर बसला, दुसरा मानेवर, तिसऱ्याला ओठ फुटला. मी पायरीवरून खाली आलो, तो वरून मारतच होता आणि मारताना इंग्रजीतून मोजत होता. ते मोजणं मला सोसेना. चाचपडताना पायरीवरचा हातोडा हाताला लागला. मी उठलो. चष्म्याशिवाय मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, नुसता गोल दिसत होता, आणि त्या गोलावर मी हातोडा उचलला. मी थांबणार नव्हतो. हे खरं आहे, म्हणून लिहितो.

मनगट वरच्या वर धरलं गेलं. काका उठलेले मला दिसलेच नव्हते. ती पकड अशी होती की माझी बोटं आपोआप उघडली.

"हा हातोडा माझा आहे," ते म्हणाले. "डोकं फोडायचं तर स्वतःचा आण."

तेवढ्यात दादाचा पुढचा फटका आला. तो माझ्यासाठी होता. बकल काकांच्या तोंडावर बसलं. कडकन आवाज झाला. ते वाकले आणि त्यांच्या ओंजळीत रक्त आणि दोन दात पडले.

मग आळीच आली. शेजारच्या दुकानांतली माणसं, रस्त्यानं जाणारे, ज्यांना काही ठाऊक नव्हतं तेसुद्धा. दादाला त्यांनी भिंतीशी घेतलं. लाथा, बुक्के, कुणाच्या तरी हातातला पाट. तो "आई गं, आई गं" ओरडत होता. चष्मा नव्हता म्हणून मला धड दिसत नव्हतं, पण तो आवाज मी खोलीत कधी ऐकला नव्हता. काका तोंडाला फडकं दाबून त्या गर्दीत घुसले आणि दादाच्या पुढं उभे राहिले. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी नुसता हात आडवा धरला. गर्दी कुरकुरत मागं झाली. कुणी म्हणालं, "काका, पोलिसांत द्या त्याला." काकांनी मान हलवली. नंतर कारण विचारलं तर बोबडं बोलले, "देऊन? तिथेही मारतीलच. आज त्याचा कोटा झाला."

दादा भिंतीशी बसून राहिला. नाकातून रक्त येत होतं. जाताना तो मला एवढंच म्हणाला, "मला असंच शिकवलं रे."  पुढच्या आठवड्यात त्यानं खोली सोडली.

सकाळी परीक्षेला गेलो तेव्हा ओठ सुजलेला, मानेवर वळ. परीक्षक बाई होत्या, पन्नाशीच्या. खोलीत पंख्याचाही आवाज नव्हता. एवढ्या शांततेत मी कधी वाचलं नव्हतं. बाईंनी उतारा हातात दिला आणि मी सुरुवात केली ती ठोक्यांवर आवाज चढवावा तशी.

"अहो, हळू," बाई मराठीत म्हणाल्या. "मी इथंच बसलेय."

मी आवाज उतरवला आणि तिसऱ्या ओळीत अडखळलो. बाईंनी बोट वर केलं. तेवढं पुरलं. मी कागद ठेवला, चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि वाट बघत राहिलो.

काहीच झालं नाही.

"बरं वाटत नाहीये का?"

मी डोळे उघडले. समोर नुसता धूसर आकार होता. "नाही, मॅडम. सवय आहे."

त्या माझ्या मानेकडं बघत असाव्यात. मग चष्मा माझ्याकडं सरकवला. "घाला. तीच ओळ पुन्हा वाचा. आणि मग मला सांगा, त्यात काय लिहिलंय."

हे मात्र मला येत होतं. उतारा एका धरणावरच्या चौकीदाराचा होता. मी वाचला, चुकलो, पुन्हा वाचला. मग मोडक्या इंग्रजीत सांगितलं की त्याला पाण्याची भीती वाटते आणि ते कुणाला सांगायची त्याला लाज वाटते. सांगताना मी टेबलावरून पुढं झुकलो होतो, जणू बाईंनाही डाव्या कानानंच ऐकू येतं.

पास झालो. काठावर, पण पास. भावाला फोन केला. तो म्हणाला, "मंग ऱ्हा तिकडं." आनंदानं म्हणाला की रागानं, यावर मी अजून विचार करतो.

काकांना सांगायला गेलो तेव्हा ते चहात पोळी बुडवून खात होते. पुढचे दोन दात नाहीत म्हणून भाकरी, शेंगदाणे सगळं बंद. मला बघवेना. म्हटलं, "काका, तुमचे दात मी बसवून देणार."

"आधी पदवी घे. काठावर पास झालेल्याच्या कमाईचे दात घातले तर हसताना पडतील."

ते हसले. मी हसलो नाही. मी सध्या सकाळी एका मेसमध्ये पोळ्या लाटतो, दुपारी कॉलेज करतो, आणि नापास होण्याची धास्ती अजून गेलेली नाही. पण पदवी घेईन, नोकरी धरेन, आणि पहिल्या पगाराला काकांना दंडाला धरून दातांच्या डॉक्टरकडं नेईन. ते नाही म्हणतील, काहीतरी तिरकं बोलतील. बोलू देत. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरला, तसाच मी त्यांचा धरीन आणि सोडणार नाही.